दोनशिक्षकी शाळेत टॅब घ्यावेत की टीव्ही?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीड जिल्ह्यातली पहिली ते चौथीची दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पट ३८. गावाने यात्रेच्या वर्गणीतून शाळेला दीड लाख रुपये द्यायचं ठरवलंय. लोकांना शाळा ‘डिजिटल’ झालेली बघायचीय. एका विक्रेत्याने वीस टॅब आणि ‘संपूर्ण अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर’ असं कोटेशन दिलंय. तुमच्या सहकारी मॅडम म्हणतात मोठा टीव्ही घ्या. आणि सगळ्यात खाली तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीच्या निम्म्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, आणि दिवाळीनंतर दहाएक मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात.

ही खालची ओळ तुम्ही सगळ्यात वर लिहायला हवी होती. टॅब की टीव्ही हे ठरवायला एक दुपार पुरते. वजाबाकी आणि ऊसतोड या दोन गोष्टींना यंत्राचा कुठे हात लागू शकतो आणि कुठे नाही, हे आधी बघू. खरेदीची यादी त्यातूनच निघेल.

मी नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवते, आणि बहुतेक काळ दोनशिक्षकीच. त्यामुळे एका खोलीत दोन इयत्ता, एकीला शिकवताना दुसरीचा गोंधळ, हे मला नवं नाही. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाल्यावर आमच्याकडेही लोकवर्गणीतून टीव्ही-प्रोजेक्टरची लाट आली. त्यातल्या काही शाळांत ते रोज वापरात आहेत, काही ठिकाणी कपाटात. कपाटात गेलेल्यांची कारणं विचारली तर शिकवण्याशी संबंधित क्वचितच निघतात. वीज, दुरुस्ती, बदली होऊन गेलेले एकमेव जाणकार गुरुजी, आणि कुलपाची किल्ली.

म्हणून आधीच सांगते, माझं उत्तर तुमच्या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. शाळेला वीज गावठाणाच्या फीडरवरून, म्हणजे वीजवाहिनीवरून, येते की शेतीच्या? शेतीच्या फीडरवर असाल तर दुपारच्या सत्रात वीज असेलच असं नाही. खोल्या किती आणि व्हरांडा आहे का? आणि तुमच्यापैकी कुणी पुढच्या बदल्यांत जाणार आहे का? मी खाली गृहीत धरते की दोन खोल्या आहेत, व्हरांडा आहे, वीज येते-जाते.

आता वजाबाकी. ५२ वजा २७. मुलाने उत्तर लिहिलं ३५. ॲप लाल फुली दाखवतं आणि ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणतं. मूल ४५ दाबतं, फुली. १५ दाबतं, फुली. २५ दाबतं, टाळ्या, चांदण्या, पुढचं गणित. नोंदीत ‘गणित सुटले’ असं पडलं आणि मुलाला काहीही कळलेलं नाही. तुम्ही त्याच्याशेजारी मांडी घालून बसलात आणि ‘कसं केलंस रे?’ विचारलंत, तर ते सांगेल, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” मोठ्यातून लहान वजा करायचा एवढाच नियम त्याच्या डोक्यात बसलाय. वरचा आकडा कुठला, खालचा कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला हवेत काड्यांचे गठ्ठे. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या मांड. आता मला सात सुट्या काड्या दे. दोनच आहेत. मग? इथे थांबायचं. मूल तुमच्याकडे बघतं, काड्यांकडे बघतं, आणि थोड्या वेळाने एका गठ्ठ्याचं रबर काढतं. हे रबर काढणं टॅबच्या पडद्यावर बोटाने करून भागत नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही.

पण रबर काढल्यानंतर काय? त्याला तसल्या वीस-तीस गणितांचा सराव हवा आणि प्रत्येक उत्तर तिथल्या तिथे तपासून मिळायला हवं. त्याच वेळी तुमच्यापुढे अजून रबर न काढलेली पाच मुलं बसलेली असतात. इथे टॅब कामाचा. समजलेल्या मुलाचा सराव यंत्राने घ्यावा, न समजलेल्याजवळ तुम्ही बसावं. दोनशिक्षकी शाळेत सगळ्यात दुर्मिळ वस्तू म्हणजे शिक्षकाची मोकळी वीस मिनिटं. जे यंत्र ती मिळवून देतं ते घ्यावं. जे तुमचीच वीस मिनिटं चार्जर शोधण्यात आणि पासवर्ड टाकण्यात खातं, ते फुकट मिळालं तरी महाग.

हे नुसतं माझं मत नाही. गुजरातमध्ये ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत दुसरी-तिसरीच्या मुलांवर याच प्रश्नाचा नीट अभ्यास झाला, २००८ मध्ये ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने तो मांडला. एका गटात संगणकाचा तास शिकवण्याच्या तासाऐवजी घेतला, दुसऱ्या गटात शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर. ‘ऐवजी’ घेतलेल्या वर्गांतली मुलं संगणक नसलेल्या मुलांच्याही मागे पडली. जादा वेळात घेतलेली पुढे गेली, आणि त्यातही आधी कच्ची असलेली जास्त. सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच. त्याच्या थोडं आधी वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीची मुलं एका संगणकावर दोघं-दोघं बसून आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळली, तेव्हा त्यांचं गणित चांगलंच सुधारलं. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फरक विरून गेला, हेही त्याच अभ्यासात आहे. आणि पेरू देशात सरकारने खेड्यांतल्या प्राथमिक शाळांना मुलामागे एक लॅपटॉप असे ढिगाने दिले. गणित आणि वाचन दोन्ही होतं तिथेच राहिलं.

त्यामुळे ‘संपूर्ण अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर’ म्हटलं की माझे कान टवकारतात. पाठ क्रमांक एकपासून शेवटपर्यंत सगळं यंत्र शिकवणार असेल तर ते तुमच्याऐवजी आलंय, जोडीला आलेलं नाही. शिवाय चौथीचा अभ्यासक्रम चौथीतल्या ज्या मुलाला अजून दुसरीची वजाबाकी येत नाही, त्याला टॅबवर दाखवला काय आणि फळ्यावर दाखवला काय.

हाच धागा ऊसतोडीकडे नेतो. दिवाळीनंतर गेलेलं मूल मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. त्याच्याकडे शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरात दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड, असेल, तिकडच्या शाळेत चार दिवस बसलंही असेल, पण वर्ग मधल्या काळात कुठल्या कुठे गेलेला असतो. सगळ्या वर्गाला एकाच पाठावर ठेवणारी कुठलीही पद्धत, मग ती खडूची असो की टीव्हीची, या मुलाला सोडूनच पुढे जाते. टॅबची खरी ताकद इथे आहे: शेजारी बसलेल्या दोन मुलांना दोन वेगळ्या पायऱ्यांवर ठेवता येतं. दिल्लीत वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरच्या केंद्रांचा अभ्यास झाला, त्यात प्रत्येक मुलाला इयत्तेचं न देता त्याच्या खऱ्या पातळीचं काम दिलं जात होतं, आणि निम्मा वेळ लहान गटात माणूस शिकवत होता. तिथे गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक फरक दिसला. मुलं मोठी होती, केंद्रं शाळेबाहेर होती, तेव्हा ते निकाल जसेच्या तसे तुमच्या शाळेला लावू नका. पातळीप्रमाणे काम हा मुद्दा मात्र उचलण्याजोगा आहे.

मी काय करते ते सांगते. जून-जुलैत आणि पुन्हा मुलं परत येतात तेव्हा, प्रत्येकाचं एक मिनिटाचं वाचन फोनवर रेकॉर्ड करते. आवाजच, चित्र नको. अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणातल्या चाचणीत असतात तशा पायऱ्या. प्रत्येक मुलाच्या नावाचं फोल्डर, फाइलला तारीख. नंतर दर महिन्याला एकदा. याचा मला झालेला फायदा कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा आहे. एक मुलगी ‘पाण्याच्या’, ‘गावाच्या’, ‘आईच्या’ या सगळ्या शब्दांत ‘च्या’पाशी अडखळत होती. वर्गात ऐकताना ते मला एकूण ‘हळू वाचते’ एवढंच वाटलं होतं. संध्याकाळी घरी शांतपणे ऐकल्यावर कळलं की ती फक्त जोडाक्षरापाशी थांबते, बाकी सरळ वाचते. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी ‘च्या’, ‘ल्या’, ‘त्या’च्या पट्ट्या काढल्या. आणि पालकसभेत, ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिला तुम्ही प्रगतिपत्रक काय दाखवणार? तिला जुलैचा आवाज ऐकवा आणि मग नोव्हेंबरचा. मुलालाही ऐकवा, आपलीच चूक मुलं पटकन पकडतात आणि हसतात. मात्र हे आवाज पालकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. एकाचं वाचन दुसऱ्याच्या घरी चेष्टेचा विषय होतो.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी फोन आणखी एका कामाचा. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, रात्री वडिलांचा फोन मोकळा असतो. व्हिडिओ पाठवू नका, डेटा खातो आणि उघडत नाही. दोन मिनिटांची गोष्ट तुमच्या आवाजात पाठवा, शेवटी एक प्रश्न, आणि ‘उत्तर बोलून पाठव’ म्हणा. सगळ्यांची उत्तरं येत नाहीत. काहींची येतात, मागे कोयत्यांचा, बैलांचा, बायकांच्या बोलण्याचा आवाज असतो. शिकणं किती होतं हे सांगणं अवघड, पण परत आल्यावर मूल शाळेत यायला बिचकत नाही, हे मी पाहिलंय. हंगामी वसतिगृह तुमच्याकडे चालत असेल तर अर्थात मुलाला गावातच ठेवणं कधीही चांगलं, आणि टॅबचा जादा तास घ्यायला संध्याकाळचं वसतिगृह ही उत्तम जागा आहे. शाळेच्या वेळेतून काही काढून घ्यावं लागत नाही.

म्हणजे इथपर्यंत: समजावणं तुमच्याकडे, सराव टॅबकडे, चाचपणी फोनकडे. आता टीव्हीकडे येऊ, कारण तुमच्या मॅडमचं म्हणणं चुकीचं नाही.

टीव्हीचा उपयोग जे वर्गात आणताच येत नाही ते आणायला. तुमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसेल. भरती-ओहोटी शब्दांत सांगून पोचत नाही. तीन-चार मिनिटांची चित्रफीत पुरते. ती लावण्याआधी प्रश्न विचारा, मध्ये थांबवा, आवाज बंद करून एकदा दाखवा आणि मुलांनाच बोलायला लावा. सलग वीस मिनिटं लावली की वर्ग शांत होतो, आणि ही शांतता फसवी असते. उलट बी रुजताना दाखवणारी फीत कितीही सुंदर असो, ती लावू नका. मटकी ओल्या फडक्यात बांधा, हरभरा पेरा. जे दारात आहे ते पडद्यावर बघायची गरज नाही.

नकाशा हा माझा आवडता तास. तिसरीला जिल्हा शिकवताना मुलांना नकाशा म्हणजे रंगीत डाग वाटतो. उपग्रहाच्या नकाशावरून शाळेचं छप्पर, मग वस्ती, मग गाव आणि ओढा, मग तालुका, मग जिल्हा, असे पाच-सहा स्क्रीनशॉट आधीच काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. पहिल्या चित्रात मुलांना आपलं छप्पर ओळखायला लावा. सोलर पॅनल, पाण्याची टाकी, चिंचेचं झाड यावरून भांडण होतं, आणि ते होऊ द्यावं. मग अंगणात खडूने तोच नकाशा काढायचा. नेट लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही.

आणखी एक युक्ती: फोन स्टँडवर आडवा लावून खाली मुलाची वही ठेवली की वहीचं पान टीव्हीवर दिसतं. ‘हे गणित कुणी वेगळ्या रीतीने केलंय का?’ असं विचारून तीन वह्या लागोपाठ दाखवल्या की फळ्यावर तासभर बोलून होत नाही ते होतं. फक्त फोनला केबल जोडून टीव्हीवर चित्र दाखवणं सगळ्या फोनांना जमत नाही. टाइप-सी भोक दिसलं म्हणून अडॅप्टर विकत आणू नका. टीव्ही घ्यायला जाताना तुमचा फोन आणि मॅडमचा फोन दोन्ही घेऊन जा आणि दुकानातच स्क्रीन शेअर होतेय का बघा, दुकानाचं वायफाय बंद करून.

साहित्य बहुतेक फुकट आहे. २०१७ पासूनचं सरकारी ‘दीक्षा’ ॲप आणि बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड तुम्हाला माहीत आहेतच. वर्गात स्कॅन करत बसू नका, आठवड्याचं साहित्य घरच्या नेटवर उतरवून ठेवा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे छापूनही वाटता येतात. कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत, नेटशिवाय चालवता येतात आणि चौथीच्या अपूर्णांकांना बरी पडतात. गुगलचं ‘रीड अलाँग’ मूल मोठ्याने वाचतं ते ऐकून अडलेला शब्द सांगतं. पण एका खोलीत चार मुलं वाचायला लागली की माइक शेजाऱ्याचा आवाज पकडतो. मुलांना व्हरांड्यात लांब लांब बसवा. लोक तुम्हाला परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं उदाहरण देतीलच, २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार सगळ्यांना माहीत आहे. जरूर द्यावं. त्यांनीही पाठ्यपुस्तक हातचं सोडलं नव्हतं. पुस्तकातल्या पानालाच क्यूआर कोडने आवाज आणि चित्र जोडलं होतं, हे गावाला सांगा.

आता पैसे. किमती बदलतात, पण साधारण अंदाज असा. ४३ इंची टीव्ही २५ ते ३० हजार. इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी २० ते २५ हजार. असा टीव्ही शंभरेक वॅटच्या आसपास घेतो, त्यामुळे १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर शाळेची वेळ आरामात निघते. वायरिंग दुरुस्त करणं, अर्थिंग, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी यांना १५ हजार धरा. यातलं अर्थिंग कुणालाच दिसत नाही म्हणून कुणी करत नाही, आणि पहिल्या वळवाच्या पावसात टीव्ही जळतो. बरा स्पीकर तीनेक हजार. मागच्या मुलाला ऐकू आलं नाही तर चित्र कितीही मोठं असून उपयोग नाही. आणि टॅब सहा, वीस नाही. दहा-बारा हजाराचे. एका टॅबवर दोघं, म्हणजे एका वेळी बारा मुलं, म्हणजे साधारण एक गट. एकाने बोट लावायचं, दुसऱ्याने सांगायचं, पाच गणितांनंतर अदलाबदल. जोडीत मुलं बोलतात, भांडतात, एकमेकांना समजावतात. एकट्याने गुपचूप अंदाजाने दाबत बसत नाहीत. उरलेले दहा-पंधरा हजार हात न लावता दुरुस्तीला ठेवा.

सहा टॅब पिशवीत घालून घरी नेऊन चार्ज करता येतात, वीस येत नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत ते निम्मे चार्ज करून बंद ठेवा. शून्यावर सुट्टीभर पडलेली बॅटरी जूनमध्ये उठेलच असं नाही.

विक्रेत्याला शाळेत बोलवा आणि त्याच्यासमोर टॅब एअरप्लेन मोडवर टाका. किती पाठ उघडतात ते मोजा. परवाना दरवर्षी भरावा लागतो का, हे लेखी घ्या. आमच्या भागातल्या एका शाळेचं सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्षी पासवर्ड मागू लागलं आणि विक्रेत्याचा फोन लागेना. ‘चौथीच्या मुलाला दुसरीची वजाबाकी द्यायची असेल तर कुठे दाबू?’ हा प्रश्न विचारा. त्याला तो प्रश्नच कळला नाही तर चहा पाजून पाठवा.

पुढचा वीजबिलाचा आणि किरकोळ दुरुस्तीचा खर्च ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून करता येतो. तुमच्या पटाला, म्हणजे ३१ ते १०० च्या गटात, ते वर्षाला २५ हजार आहे. पण त्यात स्वच्छतेपासून खडूपर्यंत सगळं बसवायचं असतं आणि ते वेळेवर येतंच असं धरून चालू नका. म्हणूनच वरचे दहा-पंधरा हजार.

ग्रामस्थांना पडदा बघायचाय, तो टीव्हीने दिसेल. उद्घाटनाच्या दिवशी मात्र तयार गाणी लावू नका; वर्गातल्या एखाद्या मुलाची वही दाखवा आणि त्यालाच गणित समजावून सांगू द्या. वस्तू घेतल्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव, पावत्या, आणि जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद, हे त्याच आठवड्यात उरका. किल्ली दोन करा, एक मॅडमकडे. आणि टीव्ही चालू करण्यापासून बंद करण्यापर्यंत सगळं चौथीच्या चार मुलींना शिकवून ठेवा, दरवर्षी नव्या चार. तुमची बदली झाली तरी नव्या गुरुजींना त्या दाखवतील.

वीज कुठल्या फीडरवरची आहे ते कळवा. शेतीची असेल तर इन्व्हर्टरऐवजी छोटं सोलर बघावं लागेल, आणि मग टॅब सहाऐवजी चार होतील.